विश्लेषण : चालते अ‍ॅप अचानक बंद का पडते? ‘नल’ची भानगड काय आहे?

नोटिफिकेशनवर टॅप केले, अ‍ॅप उघडले आणि क्षणात बंद पडले. किंवा ओटीपी पाहायला मेसेज उघडले आणि परत येताच अ‍ॅप कोसळले, अर्धा भरलेला अर्जही गेला. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. खापर बहुतेक वेळा नेटवर्कवर किंवा फोनवर फुटते. पण अनेकदा कारण वेगळेच असते : एका स्क्रीनला दुसरीकडून जी माहिती मिळायला हवी होती, ती मिळालेलीच नसते.

स्क्रीन माहिती कशी पाठवतात?

रेल्वे तिकिटाच्या अ‍ॅपचे उदाहरण घेऊ. यादीतली गाडी निवडली की पुढची स्क्रीन तिचा तपशील दाखवते. त्यासाठी यादीची स्क्रीन गाडी क्रमांक जणू पाकिटात घालून पुढे देते. अँड्रॉइडमध्ये या पाकिटाला ‘इंटेंट’ म्हणतात आणि आत घातलेल्या माहितीला ‘एक्स्ट्रा’. प्रत्येक एक्स्ट्राला नाव असते आणि पुढच्या स्क्रीनने ती त्याच नावाने मागायची असते. नावात एका अक्षराचा फरक पडला, किंवा तीच स्क्रीन नोटिफिकेशनमधून उघडली आणि तिथे क्रमांक जोडायचाच राहिला, तर हाती येते ‘नल’, म्हणजे काहीच नाही. डबा रिकामा असणे वेगळे आणि डबाच नसणे वेगळे. नसलेला डबा उघडायला गेले की अ‍ॅप कोसळते.

हा ‘नल’ १९६५ चा. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेत तो आणला. करायला सोपा होता म्हणून मोह आवरला नाही, असे त्यांनीच २००९ मध्ये सांगितले आणि त्याला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले.

कॉटलिनने काय बदलले?

गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी जेटब्रेन्स कंपनीच्या कॉटलिन भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिला प्राधान्य दिले. या भाषेत जी माहिती नसण्याची शक्यता आहे, तिच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावावे लागते. ‘स्ट्रिंग’ म्हणजे मजकूर आहेच, ‘स्ट्रिंग?’ म्हणजे असेल किंवा नसेल. प्रश्नचिन्ह असलेली माहिती तपासल्याशिवाय वापरली तर कंपायलर प्रोग्राम पुढेच जाऊ देत नाही. चूक ग्राहकाच्या फोनपर्यंत न जाता डेव्हलपरच्या टेबलावरच अडते. कॉटलिनकडे वळल्यावर गूगल होम अ‍ॅपमध्ये ‘नल’मुळे होणारे क्रॅश ३३ टक्क्यांनी घटल्याचे गूगलने सांगितले आहे.

पळवाट मात्र याही भाषेत आहे. दोन उद्गारचिन्हे (!!) लिहिली की ‘इथे माहिती आहेच, तपासू नकोस’ असा हुकूम कंपायलरला मिळतो. घाईत ती लिहिली जातात, आणि क्रॅश परत येतो.

क्रॅशपेक्षा वाईट काय?

आकडे. मजकूर मिळाला नाही तर ‘नल’ येतो. पण पाकिटातून पूर्णांक किंवा दशांश संख्या मागताना ‘नसेल तर हा आकडा धर’ असे आधीच सांगावे लागते. अनेक जण तिथे ० लिहून मोकळे होतात. समजा, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पुढच्या स्क्रीनपर्यंत पोहोचलीच नाही. अ‍ॅप बंद पडणार नाही. ते शांतपणे ‘शिल्लक ० रुपये’ दाखवेल. क्रॅश निदान दिसतो तरी, हा आकडा खरा वाटतो. म्हणून ती एक्स्ट्रा पाकिटात आहे का, हे आधी पाहावे आणि नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’ असे सरळ दाखवावे.

ओटीपीच्या वेळी काय होते?

मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेले अ‍ॅप बंद करते. परत आल्यावर तीच स्क्रीन नव्याने उभी राहते. तिला पाकीट पुन्हा मिळते, पण अ‍ॅपच्या मेमरीत तात्पुरते ठेवलेले सगळे पुसलेले असते. ज्यांनी माहिती पाकिटात न घालता मेमरीत ठेवली, त्यांच्या हाती ‘नल’ येतो. कमी रॅमच्या फोनवर हे जास्त घडते, आणि डेव्हलपरचा फोन सहसा महागडा असतो.

पण सगळेच पाकिटात कोंबता येत नाही. त्याला साधारण १ एमबीची मर्यादा आहे. त्यामुळे फक्त क्रमांक पाठवावा आणि बाकीचा तपशील डेटाबेसमधून पुन्हा काढावा, अशी शिफारस केली जाते. तोवर ती नोंदच डिलीट झाली असेल तर डेटाबेसही ‘नल’च देतो, ती शक्यताही तपासावी लागते.