तार लाल झाली की थांबा

शाळेचे विज्ञान प्रदर्शन उद्यावर आलेले असते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावरून खाली काढला जातो. ब्लेडने कापायला जावे तर पांढरे दाणे घरभर होतात आणि किल्ल्याच्या बुरुजाची कड खडबडीत येते. मग कोणीतरी मेणबत्तीवर सुरी तापवते. सुरी अलगद आत उतरते, कड गुळगुळीत येते, मुले खूश होतात. खोलीत मात्र गोडसर, उग्र वास कोंडतो, कारण दाणे उडू नयेत म्हणून पंखा आणि खिडकी दोन्ही बंद केलेली असतात.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलीस्टायरीन. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक हवाच असते. साधारण १०० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते, म्हणून ते कापायला फार उष्णता लागतच नाही. चांगला कारागीर नायक्रोमची तापलेली तार दाबत नाही; ती जितकी पुढे सरकेल तितकीच सरकवतो. घाई झाली की लोक उष्णता वाढवतात. तार अंधूक लाल दिसू लागते तेव्हा तिचे तापमान ५०० अंशांच्या पुढे गेलेले असते. तिथे थर्माकोल नुसता वितळत नाही, त्याचे विघटन होते आणि तो पेटूही शकतो. मेणबत्तीवरच्या सुरीचे तापमान तर कोणालाच कळत नाही. धूर दिसणे हाच उष्णता जास्त झाल्याचा पुरावा.

या वाफेत स्टायरीन असते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे ही त्याची नेहमीची लक्षणे. दमेकऱ्याला धाप लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता’ असलेल्या गटात टाकले. एका संध्याकाळच्या प्रकल्पाने घाबरून जाण्याचे कारण नाही. रोज आठ तास हेच काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डोक्यावर धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. तोंडावरचा रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

खरा घोटाळा होतो तो सगळा ‘फोम’ एकच समजल्यामुळे. गादीचा, सोफ्याचा मऊ फोम बहुतेकदा पॉलीयुरेथेनचा असतो. तो स्वच्छ वितळत नाही, करपतो. त्यातून आयसोसायनेट, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात. त्याला लांब, धारदार सुरीच बरी. नावाच्या पाट्यांना वापरतात तो सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि ओलसर श्वसनमार्गात त्याचे आम्ल होते.

जुन्या हीटरची कॉइल ताणून थेट घरच्या २३० व्होल्टला जोडणे हा तर जिवाशी खेळ. उघड्या तारेला हात लागला की शॉक ठरलेला. पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घातल्याने उष्णता कमी होते, शॉकचा धोका नाही. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा बॅटरी वापरावी.

राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, त्यामुळे मखराचे काम कमी झाले. खोक्यातला थर्माकोल मात्र घरात येतोच, आणि भाजणेही त्याबरोबर येते.

भाजल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा. बोट सुजण्याआधी अंगठी काढावी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काही नको. कातडीला चिकटलेला प्लास्टिकचा थर ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी निघते. थर्माकोल पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये विरघळतो हे मुलांना ठाऊक असते; तो प्रयोग जखमेवर करू नये. थर तसाच ठेवून, वर स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा. धुरानंतर खोकला थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये.