टायरच्या आतली पूड

बंगळुरूच्या होप फार्म चौकातली संध्याकाळची गर्दी मेट्रोच्या खांबांमधून इंचाइंचानं सरकतेय. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात एक डिझायर जॅकवर चढलीय. पिवळी पाटी, केए २२, म्हणजे बेळगावचं पासिंग. मी हवा भरायला थांबलोय. मराठीत विचारल्यावर ड्रायव्हरचा चेहरा खुलतो, "खानापूरचा मी, दादा!"

दुकानदार पक्कडीनं खिळा उपसतो. भोक बारीक आणि टायरच्या मधोमध. असं भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर दुरुस्त होतं. टायरच्या कडेला असेल तर नाही, कारण कड प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तिथं ठिगळ टिकत नाही.

"बाहेरनंच स्ट्रिप मारून द्या की," ड्रायव्हर कन्नडात घाई करतो. पाच मिनिटांचं काम.

हवा गेल्यावर किती चालवली, एवढंच दुकानदार विचारतो. वर्तूरपासून. मागं पॅसेंजर, गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. दुकानदार काही न बोलता टायर रिमवरून उतरवतो आणि आत हात फिरवतो. तळवा काळा होऊन बाहेर येतो. रबराची पूड! हवेविना चालल्यानं दोन्ही कडांना आतून गोल घासल्याची रेघ. एके ठिकाणी धागे उघडे पडलेत.

बाहेरून स्ट्रिप मारली असती तर हे कुणालाच दिसलं नसतं. हवाही टिकली असती, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. असा टायर गल्लीत नाही, विमानतळाच्या रस्त्यावर भर वेगात फुटतो.

"नक्षी तर अजून हाय की ओ," ड्रायव्हर अंगठा फिरवत म्हणतो. खरंच आहे, १.६ मिलिमीटरच्या खुणेपेक्षा बरीच वर. कडेवरचे चार आकडे २३२२, म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. वरून पाहिलं तर टायर चांगलाच. नव्याचे साडेचार हजार, आणि पाच तारखेला बँकेचा हप्ता.

"स्टेपनीला टाकू काय?"

"नको दादा," मी म्हणतो. "गरजेला तीच चढवाल आणि आत पॅसेंजर असेल."

ड्रायव्हर टायर पुन्हा उलटतो, धाग्यांवर बोट दाबतो. मग खिशातून फोन काढून मालकाला नाही, बायकोला लावतो. दोन वाक्यं होतात. फोन ठेवून दुकानदाराला साइझ सांगतो, १६५/८० आर १४, आणि जुन्याकडं बोट दाखवतो,

"त्याची कड कापून टाका. नाहीतर कुणीतरी घालील."

दुकानदार सुरी घेतो.