स्टिअरिंग बोलतंय, ऐकताय ना?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून लॉग-आऊट व्हायचं, बॅग मागच्या सीटवर फेकायची आणि पुण्याहून थेट नगर गाठायचं! जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं असलं तरी घरचे अजून 'नगरला कधी निघतोयस?' असंच विचारतात. अंतर जेमतेम १२० किलोमीटर. खराडी, वाघोलीच्या ट्रॅफिकमधून कसंबसं सुटलं की शिरूरनंतर रस्ता मोकळा होतो आणि आपल्या छोट्या गाडीला पंख फुटतात. पण ८० च्या पुढे काटा गेला की काहींच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागतं. कुणाची गाडी सारखी डावीकडे ओढते. कुणाला वळणावर वाटतं, की आपण गाडी चालवत नसून नुसता अंदाज बांधतोय!

मग पहिला विचार काय येतो? 'एंट्री लेव्हल गाडी आहे, असंच असणार. पुढच्या अप्रेझलनंतर मोठी घेऊ.' एक मिनिट, बॉस! नवा ईएमआय मागे लावून घेण्याआधी आहे त्या गाडीकडे जरा नीट बघा. छोट्या गाडीचं स्टिअरिंग आणि हँडलिंग सुधारायला बऱ्याचदा लाखांचा नाही, काहीशे रुपयांचा खर्च येतो. आणि प्रश्न फक्त ड्रायव्हिंगच्या मजेचा नाही. राहुरी, श्रीगोंदा, कोपरगाव पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अशी ट्रॉली अंधारातून अचानक समोर आली, तर तुमची गाडी हाताच्या इशाऱ्यावर बाजूला होऊन परत सरळ येते का? मागच्या सीटवर आई-बाबा असतील, तर हा प्रश्न आणखीच मोठा होतो.

'फील' म्हणजे नेमकं काय?

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्या पंजाएवढ्या रबराच्या तुकड्यातून. रस्ता ओला आहे, टायरची पकड सुटत चाललीय, पुढचं चाक खडीवर गेलंय, या सगळ्या बातम्या तिथून टायरॉड, रॅक आणि स्टिअरिंग कॉलममार्गे तुमच्या हातापर्यंत येतात. हाच तो फील. वाटेत कुठे हवा कमी असेल, बुश झिजला असेल किंवा जॉइंट ढिला असेल, तर बातमी अर्धवट पोचते.

मारुती ८०० आठवतेय? डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पार्किंग करताना दंड भरून यायचे, पण चालत्या गाडीत रस्ता थेट हातात जाणवायचा. आजच्या छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं. एक छोटी मोटर तुमच्या वाटची मेहनत करते. मॉलच्या बेसमेंटमध्ये एका बोटाने गाडी वळते, पण रस्त्याची बातमी त्या मोटरमधून गाळून येते. म्हणूनच बाकीचे पार्ट ठणठणीत असणं जास्त महत्त्वाचं!

पहिला उपाय फुकटात

पेट्रोल पंपावर 'किती टाकू?' या प्रश्नाला तुमचं उत्तर काय असतं? 'टाका नेहमीची'? इथेच तर गडबड होते. तुमच्या गाडीचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेला असतो. एकट्याने जाताना वेगळा आणि फुल लोड असताना वेगळा.

हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं, वळणावर टायरची भिंत दुमडते आणि गाडी एक क्षण उशिरा ऐकते. टायरच्या दोन्ही कडा झिजतात, मायलेज पडतं ते वेगळंच. जास्त भरली तर गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि टायर मधोमध झिजतो. आणखी एक. हवा थंड टायरमध्येच मोजायची, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी असताना. नगरच्या मे महिन्यातल्या उन्हात ६० किलोमीटर धावलेल्या टायरचा आकडा वाढलेलाच दिसणार. तो बघून हवा काढली, की सकाळी टायर कमी हवेवर बसलेला! साधा प्रेशर गेज घेऊन डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, दोन वेगळी दुखणी

हे दोन शब्द आपण जुळ्या भावंडांसारखे एकत्रच वापरतो. पण स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरत असेल, तर बहुधा बॅलन्सिंग गेलंय. चाकाचं वजन सगळीकडून सारखं नाही, म्हणून रिमला छोटी वजनं लावून ते जुळवायचं. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागत असेल, तर अलाइनमेंट बघा.

पण थोडी डावीकडे ओढते म्हणून लगेच घाबरू नका. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण चालतो डाव्या बाजूने. म्हणजे हलका डावा ओढा रस्त्याचा असू शकतो. खात्री करायची असेल तर मोकळ्या, सपाट जागी बघा.

अलाइनमेंटच्या मशीनवर तीन शब्द दिसतील. टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून पाहिल्यावर पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं तो किती मागे झुकलाय. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, त्याचं मोठं श्रेय कॅस्टरचं. आता पॉइंट असा, की बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो ॲडजस्ट होतो. स्क्रीनवर कॅम्बर किंवा कॅस्टर लाल दिसत असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. तो पार्ट न बघता 'करून देतो साहेब' म्हणणाऱ्याकडून नुसती पावती घेऊन घरी येऊ नका. आणि एखाद्या खड्ड्यात गाडी दाणकन आपटली असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता चेक करून घ्या.

जरा खाली वाकून बघा

गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावली असेल, तर खालचे रबरी बुश, बॉल जॉइंट, टायरॉड एंड आणि शॉकअप एकदा तपासून घ्याच. गॅरेजमध्ये पुढचं चाक जॅकवर उचललेलं असताना मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून हलवायचं. खडखडलं तर संशय टायरॉडवर किंवा रॅकवर. मग १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. तिथे प्ले असेल तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग.

शॉकअपची घरगुती टेस्ट आणखी सोपी. गाडीचा एक कोपरा जोरात दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक. झोका खेळत राहिली तर शॉकअप संपलेत. बदलताना जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना म्हणजे वळणावर दोन बाजूंची दोन मतं!

टायर बदलताय? सही!

टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. समजा २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सेकंड हँड गाडी घेताना हा कोड आवर्जून वाचा. खाचा खोल दिसल्या तरी म्हातारं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी असं नियमच सांगतो.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा. ऐकायला उलटं वाटेल, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी भोवरा होते, आणि तिला सावरणं तुमच्या-आमच्या हातचं नाही.

रुंद टायरचा मोह होतोय? जरा गणित करू. १४५/८० आर १३ टायरची एकूण उंची साधारण ५६२ मिलिमीटर भरते आणि १६५/७० आर १३ ची ५६१. उंची जवळपास तीच, रुंदी मात्र २० मिलिमीटर जास्त. वळणावर पकड वाढेल, पण स्टिअरिंग जड होईल आणि मायलेज थोडं घटेल. शिवाय मूळ अरुंद रिमवर तो टायर नीट बसेलच असं नाही. सेफ फंडा एकच. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जी साइज दिलीय, तिच्या पुढे जाऊ नका.

नॅनोचा धडा

टायर हा किती गंभीर विषय आहे, हे टाटा नॅनोकडे पाहून कळतं. पुण्यात टाटा मोटर्सच्या इंजिनिअर्सनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली ही गाडी मार्च २००९ मध्ये बाजारात आली. इंजिन मागे, म्हणजे वजन मागे, म्हणजे वळणावर शेपूट फिरण्याची भीती. त्यावर उपाय म्हणून पुढे १३५ मिलिमीटरचे अरुंद आणि मागे १५५ चे रुंद टायर दिले. मागची पकड मुद्दाम जास्त ठेवली! जानेवारी २०१४ मध्ये नॅनो ट्विस्ट आली, तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग मिळालं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं, पण रस्त्यावर नॅनो अजून दिसतात. तुमच्याकडे असेल तर पुढचे-मागचे टायर अदलाबदल करण्याच्या भानगडीत पडू नका.

मोठमोठ्यांनाही हा धडा महागात मिळालाय. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका ऑटो मॅगझिनने मर्सिडीजच्या छोट्या ए-क्लासची टेस्ट घेतली. रस्त्यात अचानक मूस हे भलंमोठं हरीण आलं तर गाडी झटकन डावी-उजवी करता येते का, अशी ती टेस्ट. गाडी चक्क उलटली! कंपनीला विक्री थांबवून सस्पेन्शन बदलावं लागलं आणि गाडी घसरताना चाकांवर वेगवेगळा ब्रेक लावून सावरणारी ईएसपी सिस्टिम द्यावी लागली. आपल्याकडे मूस नाही, पण उसाची ट्रॉली आहे, गाय आहे आणि राँग साइडने येणारी बाइकही आहे.

नगरचं 'वाहननगर'

गाड्यांची अशी कसून परीक्षा घेणारी संस्था खुद्द नगरमध्येच आहे, हे किती जणांना माहितीय? डीआरडीओची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था तिथे आहे, आणि तिचा पत्ताच 'वाहननगर' असा आहे. लष्करी वाहनं तर झालीच, पण सर्वसामान्य वाहनांची तपासणी करून सर्टिफिकेट देण्याचा अधिकार मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ ने ज्या संस्थांना दिलाय, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर व्हीआरडीईचंही नाव आहे.

म्हणजे तुमच्या गाडीचं मॉडेल अशा एखाद्या संस्थेच्या तपासणीतून पास होऊनच शोरूममध्ये आलेलं असतं. मग आपण स्प्रिंग कापून गाडी खाली बसवतो, स्प्रिंगमध्ये रबरी बफर कोंबतो किंवा एअरबॅगवालं स्टिअरिंग काढून 'स्पोर्टी' छोटं व्हील लावतो, तेव्हा त्या तपासणीवर पाणी पडतं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही नेमकं तेच विचारणार.

कांद्याचं पोतं आणि तुमचे हात

नगरहून परत निघताना डिकीत काय काय येतं? ज्वारी, बाजरी, लोणच्याची बरणी आणि कांद्याचं पोतं! पन्नास किलोचं पोतं मागे पडलं की गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सीएनजी गाडीत मागे सिलिंडरचं वजन आधीच असतं. उपाय सोपा. जड सामान डिकीत अगदी मागच्या कडेला न ठेवता सीटच्या पाठीला टेकवून, खाली ठेवा. फुल लोडचा हवेचा आकडा वापरा. हेडलाइटची उंची ॲडजस्ट करणारं छोटं बटण असेल तर तेही फिरवा. कॅरियरवर जड वस्तू नको, गाडीचा तोल वर जातो.

शेवटी ड्रायव्हर. हात ९ आणि ३ वर, पाठ सीटला टेकलेली, कोपर थोडं वाकलेलं. पाथर्डीकडे जाताना करंजी घाट लागतो, संभाजीनगरकडे जाताना इमामपूर घाट. तिथे ब्रेक वळणाआधी मारायचा, वळणात नाही. नजर बॉनेटवर नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. हात आपोआप नजरेमागे जातात.

तर येत्या शनिवारी हा क्रम लावा. आधी हवा, मग बॅलन्सिंग, मग बुश आणि जॉइंटची तपासणी, काही बदललं तर त्यानंतरच अलाइनमेंट, आणि टायरचा नंबर सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर एकच रस्ता, एकाच वेगाने चालवून बघा, म्हणजे फरक नेमका कशाने पडला ते कळेल. बऱ्याच जणांची गाडी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यालाच सरळ व्हायला हरकत नाही. उरलेल्या पैशांत नवे टायर घ्या, आणि मोठ्या गाडीचा विचार अप्रेझलनंतर आरामात करा!