मॅच संपली की टीव्ही बंद करू नका. खेळाडूंच्या मुलाखतीतून शिकता येतं रोजचं इंग्रजी

शेवटचा चेंडू पडला की बहुतेक घरांत टीव्ही बंद होतो, नाहीतर चॅनल बदललं जातं. पण इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कामाची दहा मिनिटं त्यानंतरच सुरू होतात. हरलेला कर्णधार, सामनावीर आणि जिंकलेला कर्णधार एकामागून एक माईकसमोर येतात आणि साध्या, छोट्या वाक्यांत बोलतात. हे बोलणं नीट ऐकलं तर क्लासची फी न भरता रोजच्या वापरातलं बरंच इंग्रजी कानावर पडतं.

अडतं कुठे?

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. तरीही पदवी घेतलेली अनेक मुलं-मुली कंपनीच्या मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की गप्प होतात. स्पेलिंग येतं, व्याकरणही येतं, पण समोरून प्रश्न आला की तोंड उघडत नाही. कारण शाळेतलं इंग्रजी लिहिण्यापुरतं राहतं. प्रश्न ऐकून लगेच उत्तर देण्याची सवय लागलेली नसते.

खेळाडूंच्या मुलाखतीत नेमकं तेच ऐकायला मिळतं. प्रश्नही ठरलेले असतात: कसं वाटतंय, काय ठरवलं होतं, कुठे कमी पडलात, पुढे काय? नोकरीच्या मुलाखतीतले प्रश्न यापेक्षा फार वेगळे नसतात.

शब्द शाळेतलाच, अर्थ नवा

‘शॉर्ट’ म्हणजे आखूड किंवा बुटका, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कर्णधार ‘वी वर ट्वेंटी रन्स शॉर्ट’ म्हणतो, तेव्हा 20 धावा कमी पडल्या असं त्याला सांगायचं असतं. दुकानात दहा रुपये कमी पडले तर हेच वाक्य ‘आय ॲम टेन रुपीज शॉर्ट’ असं होतं.

‘बॅक’ म्हणजे पाठ किंवा मागे. पण ‘माय कोच बॅक्ड मी’ म्हणजे प्रशिक्षक माझ्या पाठीशी उभे राहिले. नोकरीच्या मुलाखतीत ‘माय फॅमिली बॅक्ड मी’ असं सहज म्हणता येतं.

‘लुकिंग फॉरवर्ड टू’ म्हणजे ‘पुढे पाहणे’ नव्हे, तर एखाद्या गोष्टीची आतुरतेने वाट पाहणे. ‘टू बी ऑनेस्ट’ म्हणजे खरं सांगायचं तर. ‘रूम फॉर इम्प्रूव्हमेंट’ म्हणजे सुधारायला वाव. यात खोलीचा काही संबंध नाही! ‘सेटल डाऊन’ म्हणजे जम बसणे, मग तो खेळपट्टीवर असो की नव्या नोकरीत.

ऐकायचं कसं?

पूर्ण मुलाखत एकदम घेऊ नये. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे.

1. पहिल्यांदा नुसतं ऐकावं. सगळं कळलं नाही तरी चालेल.

2. दुसऱ्यांदा यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग 0.75 करावा आणि खाली येणारी अक्षरं सुरू ठेवावीत. ही अक्षरं आपोआप तयार झालेली असतील तर त्यात चुका असतात, विशेषतः आपल्याकडच्या नावांत.

3. तीनच वाक्यं वहीत उतरवावीत. सुटा शब्द लिहिण्यापेक्षा पूर्ण वाक्य लिहावं, म्हणजे तो कुठे वापरायचा हेही लक्षात राहतं.

4. प्रत्येक वाक्यातला खेळ काढून तिथे आपलं शेत, दुकान, कॉलेज किंवा काम घालावं. मग ते मोठ्याने बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करावं आणि ऐकावं.

5. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने वही न बघता तीच वाक्यं आठवावीत. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवून दिलं होतं. उजळणी केली तरच शब्द टिकतो.

काय उचलू नये?

खेळाडू बोलताना ‘यू नो’, ‘ऑब्व्हियसली’ असे शब्द वरचेवर वापरतात. विचार करायला क्षणभर वेळ मिळतो म्हणून एखाद्या वेळी ते ठीक. पण दर वाक्याला आले की ऐकणारा कंटाळतो, आणि अर्जात तर ते चालतच नाहीत. चेंडू, खेळपट्टी यांपुरतेच असलेले शब्दही बाजूला ठेवावेत. घरी, बँकेत, कामावर जे बोलता येईल तेवढंच वहीत घ्यावं.

नायक आणि इंग्रजी, नातं जुनं

1983 च्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार कपिल देव याने ‘रॅपिडेक्स’ या इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकाची जाहिरात केली होती. तेव्हा पुस्तकातली वाक्यं पाठ करावी लागत. आता सांगलीत वाढलेली स्मृती मानधना इंग्रजीतून कशी उत्तरं देते, हे मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकता येतं.

दुसरीकडे, टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा नीरज चोप्रा अनेक मुलाखती हिंदीतूनच देतो. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी कमी ठरत नाही. मात्र त्याच्या भाल्याचं अंतर सगळ्यांना दिसतं. नोकरी मागणाऱ्याला आपलं काम स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. दोन मुलाखतींतली तीन-तीन वाक्यं जरी पक्की झाली, तरी पुढच्या वेळी पहिल्या प्रश्नाला गप्प बसायची वेळ येणार नाही.