भोपळ्याचा तंबोरा

वाळल्या भोपळ्याचा तुंबा आपण पाहिला असेल. असाच मोठा भोपळा तंबोऱ्याला लागतो. खायचा नव्हे, कडू!

सांगली जिल्ह्यात मिरज गाव आहे. तिथले शिकलगार तलवारींना धार लावीत. इंग्रजी राज्य आले, हत्यारांचा खप बसला. मग पोट कसे भरावे? फरीदसाहेब शिकलगार यांनी सतारी दुरुस्त करायला घेतल्या. पुढे १८५० च्या सुमारास ते स्वतः वाद्ये घडवू लागले. घराण्याला 'सतारमेकर' हेच नाव पडले.

भोपळा पंढरपूरकडून येतो. तो कापून, भिजवून, वाळवून त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडतात. वर चार तारा. पण खरे काम पुढेच आहे, ते म्हणजे जवारी. आपल्या वऱ्हाडातली, भाकरीची जवारी नव्हे बरे! तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने घासून किंचित ढाळ देतात. तारेखाली बारीक दोरा सरकवतात. मग तार घोडीला हलकेच लागते नि आवाज घुमतो. घासणे जरा चुकले की आवाज बसलाच. त्याला मोजपट्टी नाही. कान लावूनच कारागीर ते ओळखतो, नि बापाशेजारी बसून शिकतो.

आता तंबोऱ्याचा सूर विजेच्या पेटीतून निघतो. लाकडी तंबोरा कोण घेणार? २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचा माल 'मिरजेचा' म्हणून विकता येत नाही.