दोनशे सागरी मैलांच्या आत : आर्थिक क्षेत्रातील परकीय टेहळणीचा वाद

मुंबई उपनगर जिल्ह्यातील वेसावे, मढ, मनोरी व गोराई येथील मच्छीमार नौका मासळीच्या मागावर पुष्कळदा किनाऱ्यापासून बऱ्याच दूर जातात. पाण्यावर कोठेही कुंपण नसले तरी या प्रवासात त्या कायद्याची एक महत्त्वाची सीमा ओलांडीत असतात. किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, भारताचा क्षेत्रीय जलधी होय. तेथे देशाचे सार्वभौमत्व जमिनीवरच्यासारखेच चालते. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र पसरलेले आहे. येथील मासळी, तेल, वायू व खनिजे यांवर हक्क भारताचाच. परंतु इतर देशांच्या जहाजांना व विमानांना या भागातून येण्याजाण्याचे स्वातंत्र्य आहे. मालकी संपत्तीची आहे, पाण्याची नव्हे.

या भेदाचे महत्त्व मुंबईकरांना वेगळे सांगावयास नको. १९७४ साली तेल सापडलेले ‘बॉम्बे हाय’ हे क्षेत्र मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे क्षेत्रीय जलधीच्या पुष्कळ बाहेर आहे. संसदेने १९७६ साली सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा केला आणि जानेवारी १९७७ पासून आर्थिक क्षेत्र अमलात आले. त्याच्या रक्षणासाठी १९७८ च्या अधिनियमाने तटरक्षक दलाला कायम स्वरूप देण्यात आले.

आता प्रश्न असा की, परकीय लष्करी जहाज या क्षेत्रात येऊन टेहळणी करू लागले तर काय? क्षेत्रीय जलधीत उत्तर सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराप्रमाणे तेथे किनारी देशाच्या संरक्षणास बाधक अशी माहिती गोळा करणे हा निरुपद्रवी प्रवास ठरत नाही. शिवाय परकीय युद्धनौकेने तेथे शिरण्यापूर्वी सूचना द्यावी, असे भारताचा कायदा सांगतो. आर्थिक क्षेत्राबाबत मात्र करार टेहळणीचा नावाने उल्लेखच करीत नाही. या मौनातूनच वाद उद्भवला.

अमेरिका या कराराची सदस्य नाही. तरीही नौकानयनाच्या स्वातंत्र्यात लष्करी हालचालींचा समावेश होतो, असे तिचे म्हणणे आहे. भारताने २९ जून १९९५ रोजी करारास मान्यता देताना निवेदन केले की, किनारी देशाच्या संमतीवाचून त्याच्या आर्थिक क्षेत्रात लष्करी कवायती, विशेषतः शस्त्रे वा स्फोटके वापरून, करण्याची मुभा करार देत नाही. ब्राझील, मलेशिया, बांगलादेश व पाकिस्तान यांनीही अशाच आशयाची निवेदने केली आहेत. परंतु अशा निवेदनाने कराराचा कायदेशीर परिणाम बदलत नाही, असे करारातच म्हटले आहे. त्यामुळे भारताचे निवेदन हा कराराचा एक अर्थ आहे. तो इतरांवर आपोआप बंधनकारक होत नाही.

वादाची खरी गुंतागुंत सर्वेक्षणात आहे. सागरी वैज्ञानिक संशोधनास किनारी देशाची संमती लागते, हे करारात स्पष्ट आहे. पण पाण्याचे तापमान व क्षारता मोजणारे जहाज नेमके कशासाठी मोजते आहे? या दोन गोष्टींवर पाण्यातील ध्वनीची गती अवलंबून असते. मत्स्यशास्त्रज्ञास जी नोंद उपयोगी, तीच पाणबुडी लपविणाऱ्यास व शोधणाऱ्यासही उपयोगी. आपले काम संशोधन नसून लष्करी सर्वेक्षण आहे, म्हणून संमतीची गरज नाही, असा युक्तिवाद काही देश करतात. तो किनारी देशास विचित्र वाटल्यास नवल नाही!

प्रत्यक्षात काय घडते? सप्टेंबर २०१९ मध्ये अंदमानजवळ आढळलेल्या ‘शी यान १’ या चिनी संशोधन जहाजास भारतीय नौदलाने निघून जाण्यास भाग पाडले. ७ एप्रिल २०२१ रोजी ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवरून गेली आणि पूर्वसंमती न घेता आपण हे केल्याचे अमेरिकेच्या आरमाराने जाहीर केले. भारताने नौकेवर सतत लक्ष ठेवले व आपली नाराजी राजनैतिक मार्गाने कळविली. ती अडविण्यात आली नाही. पहिल्या प्रसंगी संशोधनाच्या संमतीचा भक्कम आधार होता, दुसऱ्यात तसा नव्हता. चीनही स्वतःच्या आर्थिक क्षेत्रातील अमेरिकी टेहळणीस विरोध करतो. मात्र २०१४ साली हवाईजवळच्या नौदल कवायतींवर नजर ठेवण्यास त्याने स्वतःचे टेहळणी जहाज धाडले होते.

असे वाद न्यायाधिकरणापुढे नेणेही सोपे नाही. लष्करी हालचालींविषयीचे तंटे सक्तीच्या निवाड्यातून वगळण्याची मुभा करार सदस्य देशांना देतो.

राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा क्षेत्रीय जलधीपुरताच चालतो. त्यापलीकडचे काम तटरक्षक दल व नौदलाचे. २००८ च्या नोव्हेंबरमधील हल्लेखोर ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून मुंबईकडे आले, तेव्हापासून मच्छीमारांनी कळविलेल्या माहितीस विशेष महत्त्व आले आहे. दूरवर अनोळखी जहाज रेंगाळताना दिसल्यास तांडेलाने वेळ, ठिकाण व दिशा टिपून तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर किंवा बिनतारी संचावरून कळवावे. त्या जहाजाजवळ जाऊ नये. ते बेकायदा आहे की नाही, हे ठरविणे नौकेवरील खलाशांचे काम नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे ते जाणकारांनाही नेहमी एकमताने ठरविता येत नाही.