मालगुंडचा किनारा : वाढता पट्टा आणि राहती माणसे

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने उत्तरेला निघाले की नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे, मालगुंड, वरवडे, उंडी, रीळ, नांदिवडे अशी गावे लागत जातात आणि जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे रत्नागिरी तालुका संपतो. पलीकडचे तवसाळ गुहागर तालुक्यात. एवढ्याशा पट्टीत महाराष्ट्रभर पोहोचलेले एक देवस्थान आहे, आधुनिक मराठी कवितेच्या जनकाचे जन्मघर आहे, मोठी जहाजे लागणारे बंदर आहे, बाराशे मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे आणि हापूसच्या बागा आहेत. कोकणात गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत जे जे घडले, त्याचा बहुतेक सगळा नमुना इथे पाहायला मिळतो. म्हणून मालगुंड मध्यावर धरून या पट्ट्याचा हा आढावा.

आरंभीच एक आकडा समोर ठेवला पाहिजे. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११मध्ये ती १६,१५,०६९ भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे घटले. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कमावता पुरुष मुंबई-ठाण्याला आणि घर, शेत, म्हातारी माणसे बायकांच्या हाती, असा या आकड्याचा अर्थ आहे. ज्या दशकात जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प उभे राहत होते, त्याच दशकात जिल्ह्यातली माणसे कमी होत होती. म्हणून या किनाऱ्याच्या वाढीला मला एकच माप योग्य वाटते : इथे बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी इथेच राहून मानाने संसार उभा करू शकते का?

वाड्यांचे गाव

घाटावरच्या माणसाला कोकणातले गाव पटकन सापडत नाही, कारण ते एका जागी नसते. डोंगरउतारावर, खाडीच्या कडेला, पुळणीच्या मागे विखुरलेल्या वाड्या मिळून गाव होते. या पट्ट्यात भंडारी आणि कुणबी समाजाची वस्ती मोठी. त्यांच्या जोडीला मराठा, ब्राह्मण, गुरव, खारवी, बौद्ध आणि कोकणी मुसलमान. समुद्रालगतची नारळ-पोफळीची आगरे आणि माडाची कामे भंडाऱ्यांची. भात-नाचणीची शेती प्रामुख्याने कुणब्यांची. मासेमारी खारव्यांची आणि दालदी मुसलमानांची. ही वाटणी आता पुष्कळ सैल झाली आहे, पण वाड्यांच्या नावांत आणि पालखीच्या मानपानात ती टिकून आहे.

जमिनीचा इतिहास समजल्याशिवाय इथला समाज समजत नाही. खोतीच्या काळात कसणारा एक आणि सारा वसूल करणारा दुसरा अशी व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने खोती गेली. कूळकायद्याने अनेकांच्या नावावर जमीन आली, पण ती तुकड्या-तुकड्यांनी आली आणि पुढच्या पिढ्यांत सातबाऱ्यावर नावे वाढत गेली. आज वीस गुंठ्यांना दहा-पंधरा सहहिस्सेदार आणि त्यांतले निम्मे मुंबईला, ही सर्रास स्थिती आहे. घराला कर्ज काढायचे, बागेला अनुदान घ्यायचे किंवा प्रकल्पाला नकार द्यायचा, तर या सगळ्यांची संमती लागते. कोकणी तरुणाचे पाऊल अनेकदा या कागदापाशीच अडते.

तरीही गाव एकत्र येते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येते, वाडीवाडीतून घरोघर फिरते. गौरी-गणपतीत जाखडी आणि नमनाची मंडळे रात्र-रात्र जागवतात. या दोन सणांना चाकरमानी येतोच येतो. गावकीच्या बैठका, वर्गणी, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पाखाडीची दुरुस्ती असे निर्णय या दिवसांत होतात. मुंबईतल्या ग्राममंडळांनी गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून पैसे जमवून गावाकडे शाळा उभ्या केल्या आहेत. जानेवारी १९८२च्या गिरणीसंपाने मुंबईहून येणारी मनिऑर्डर तुटली, तेव्हा तिचा मार या वाड्यांनी मुकाट्याने सोसला. काही कुटुंबे परतली, पण गावात त्यांना पोसेल असे फारसे काही नव्हते.

सड्यावरची कलमे

परतलेल्यांना आणि राहिलेल्यांना पहिला खरा आधार आंब्याने दिला. १९९०मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. खड्डे खणणे, कलमे लावणे, पाणी घालणे यांची मजुरी शासनाकडून मिळू लागली आणि नाचणी-वरीशिवाय काही न पिकणाऱ्या वरकस उतारांवर हापूस उभा राहिला. सुरुंग लावून कातळ फोडला, बाहेरून माती आणून भरली, चिऱ्याचे गडगे घातले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमांचे तंत्र, काजूच्या वेंगुर्ला जाती आणि फळ देठासकट उतरवणारा झेला शेतकऱ्यापर्यंत नेला. २०१८मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण आंबा हे जोखमीचे पीक आहे. थंडी लांबली की मोहोर लांबतो, पुन्हा मोहोर आला की धरलेली कणी गळते, तुडतुडा आणि फुलकिडे फवारणीला दाद देत नाहीत. मे २०२१च्या तौक्ते वादळाने उरलेला आंबा झाडाखाली पाडला. औषधांचा खर्च वाढतो आणि वाशीच्या बाजारात पेटीचा भाव ठरवणारा दुसराच असतो. त्यामुळे कित्येक मालक बाग कराराने देऊन मोकळे होतात. करार घेणारा वर्ष-दोन वर्षांत जमेल तेवढे उत्पन्न काढतो आणि झाडाचे आयुष्य कमी होते. हंगामात बाग राखायला आणि काढणीला नेपाळहून आलेली माणसे असतात. ती आता इथल्या समाजाचा भाग आहेत. त्यांची मुले गावच्या शाळेत यावीत, याची जबाबदारी बागायतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी आपलीच मानली पाहिजे.

ज्या सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाला, आपण इतकी वर्षे पडीक म्हणत आलो, त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहिले जाते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातळशिल्पांचा शोध चिकाटीने घेतला. याच परिसरात चवे, देवूड, उंडी इथे माणसांच्या, प्राण्यांच्या, भौमितिक आकृत्या कातळात कोरलेल्या आहेत. तालुक्यातील उक्षी आणि जांभरुणची शिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ही शिल्पे राखायची तर सडा राखला पाहिजे. चिरेखाणी आणि रस्ते काढताना आधी पाहणी व्हावी, एवढी शिस्त तरी आता हवीच.

दर्या आणि खाडी

जयगड, वरवडे, काळबादेवी, साखरतर आणि रत्नागिरीचा मिरकरवाडा ही या भागातली मासेमारीची ठिकाणे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, जाळी विणली जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो आणि नवा हंगाम उभा राहतो. रापण ओढणारा, छोट्या होडीतून न्हैय टाकणारा पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाला मोठा नौकामालक यांच्यातला संघर्ष हा या किनाऱ्याचा सर्वांत तीव्र प्रश्न आहे. राज्याने फेब्रुवारी २०१६मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७मध्ये प्रखर दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. तरी रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट दिसतो आणि लहान मच्छीमार रिकाम्या जाळ्याने परततो. नियम आहेत, ते राबवायला गस्त पुरेशी नाही. माशाची पिल्ले आज मारली तर पुढच्या हंगामात कोणाच्याच जाळ्यात काही येणार नाही, हे मोठ्या नौकामालकांनाही ठाऊक आहे.

बंदरावर उतरलेली मासळी गावोगाव पोहोचवतात त्या बायका. टोपली डोक्यावर घेऊन एसटीने फिरणाऱ्या या विक्रेत्यांना बाजारात सावली, पाणी, बर्फ आणि स्वच्छतागृह मिळाले, तर मासेमारीच्या अर्थकारणात त्याचा उपयोग एखाद्या नव्या जेटीइतकाच होईल.

देवस्थान आणि पाहुणे

गणपतीपुळ्याचा डोंगरच स्वयंभू गणपती मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. जानेवारी १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पर्यटन महामंडळाचा निवास उभा राहिला आणि वर्षातून दोनदा भरणारी यात्रा बारमाही झाली. शनिवार-रविवारी मालगुंडपर्यंत गाड्यांची रांग लागते. घरगुती खानावळी, न्याहारी-निवास, उकडीचे मोदक, कोकम, फणसपोळी यांवर शेकडो घरे चालतात. यात बायकांचा आणि बचत गटांचा वाटा सर्वांत मोठा आहे. गावच्या माणसाच्या हाती थेट पैसा देणारा, त्याला घर सोडायला न लावणारा धंदा म्हणून मी पर्यटनाला फार मोलाचे मानतो.

म्हणूनच त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. किनाऱ्यालगतची जमीन बाहेरच्या माणसाला विकून गावकरी त्याच जागेवर पहारेकरी म्हणून राबू लागला, तर ती वाढ कोणाची? कचरा आणि सांडपाणी यांची सोय लहान ग्रामपंचायतींना पेलवत नाही. या किनाऱ्याचा उतार फसवा आहे, पावसाळ्यात आणि भरतीत पर्यटक बुडण्याचे प्रसंग वारंवार घडतात. प्रशिक्षित जीवरक्षक आणि ठळक सूचना यांवरचा खर्च टाळता येणारा नाही.

मालगुंडच्या गायवाडीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये सुरू केलेले कासव-संरक्षण आता जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अनेक गावांनी उचलले आहे. पूर्वी अंडी चोरीला जात. आज गावातलेच कासवमित्र घरटी राखतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले समुद्रात सोडतात. गावाने ठरवले तर सवयी बदलतात, याचा हा स्वच्छ पुरावा आहे.

जयगडचे धक्के

जयगडला एकेकाळी आगबोट थांबत असे. मुंबईची वाट समुद्रातून होती. आज तिथे खोल पाण्याचे बंदर आहे. जेएसडब्ल्यूचे बंदर २००९मध्ये सुरू झाले, पाठोपाठ तीनशे मेगावॉटचे चार संच उभे राहिले. याने काही तरुणांना नोकऱ्या, अनेकांना वाहतूक आणि पुरवठ्याची कामे दिली. निवळी फाट्यापासून जयगडपर्यंतचा रस्ता अवजड वाहनांचा झाला. आता वाटद परिसरात नव्या औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याचा विषय आला आणि गावकऱ्यांनी विरोध नोंदवला.

या विरोधाला विकासविरोध म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याने कातळ फोडून तीस वर्षे बाग वाढवली, त्याला जमिनीच्या दरापेक्षा पुढच्या पिढीच्या उत्पन्नाचा हिशेब हवा असतो. कोणता कारखाना, किती पाणी, धूर आणि सांडपाणी कुठे जाणार, किती नोकऱ्या आणि कोणत्या शिक्षणाच्या, हे आधी ग्रामसभेत मराठीत, लेखी मांडले गेले पाहिजे. उद्योग हवेतच, मालगुंड-वाटदचा मुलगा यंत्रावर तंत्रज्ञ म्हणून उभा राहील असे हवेत. त्यासाठी प्रकल्पाआधी प्रशिक्षण यायला हवे.

पाण्याची गोष्ट याच हिशेबातली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. जांभ्यातून पाणी झिरपून जाते, नद्या आखूड, उतार तीव्र. वहाळांवरचे छोटे बंधारे, जुन्या विहिरींचा गाळउपसा, सड्यावरची तळी ही कामे गावाच्या आवाक्यातली आहेत आणि ती दरवर्षी झाली पाहिजेत.

केशवसुतांचे गाव

केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले १८६६मध्ये मालगुंडला जन्मले आणि शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडले. पुणे, मुंबई, फैजपूर, धारवाड असा प्रवास करत १९०५मध्ये हुबळीला प्लेगने गेले. शिकला की बाहेर, हे कोकणचे प्राक्तन त्यांच्याही वाट्याला आले. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे जन्मघर जतन करून स्मारक उभारले. १९९४मध्ये त्याचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. सातारा जिल्ह्यातल्या भिलारच्या धर्तीवर आता मालगुंडलाही पुस्तकांचे गाव करण्यात आले आहे. देवदर्शनाला आलेली कुटुंबे मुलांना घेऊन इथे येतात, ही मोठी मिळकत आहे. तिचा लाभ वाडीवरच्या मुलांनाही व्हावा. गावातली शाळा पटसंख्येअभावी बंद पडू नये आणि वाचनालय संध्याकाळी उघडे असावे, हीच त्या कवीला साजेशी आदरांजली.

आढाव्याचा शेवट एका आग्रहाने करतो. हा पट्टा वाढतो आहे आणि वाढत राहील. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल झाले की वेग आणखी वाढेल. ती वाढ इथल्या माणसाची व्हावी, यासाठी चार गोष्टी गावांनी हातात घ्याव्यात. सातबाऱ्यांच्या वाटण्या सामोपचाराने पूर्ण कराव्यात. जमीन विकण्याआधी ती भाड्याने किंवा भागीदारीत देण्याचा पर्याय तपासावा. नेवऱ्यापासून जयगडपर्यंतच्या ग्रामपंचायतींनी पाणी, कचरा आणि किनारा-सुरक्षा यांचा एकत्र आराखडा करावा. आणि मुंबईकर मंडळांनी देवळाच्या कळसाला जशी वर्गणी काढली, तशी आता गावात राहून धंदा करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींच्या भांडवलासाठी काढावी. पुढच्या जनगणनेत या गावांतली तरुण माणसे वाढलेली दिसली, तर बंदर, बागा, देवस्थान आणि पुस्तके या सगळ्यांचे चीज झाले असे म्हणता येईल.